‘गाणंच तर आहे, ताई!’

गेल्या लग्नसराईतली गोष्ट. डोळखांबच्या बाजूच्या एका पाड्यावरची अकरावीतली मुलगी आठ दिवस कॉलेजला गेली नाही. बचत गटाच्या बैठकीत तिच्या आईला विचारलं, तर म्हणाली, "पोट दुखतं तिचं." आठ दिवस सलग पोट दुखत नाही, एवढं आपल्याला कळतं. संध्याकाळी घरी गेले. मुलगी चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. आधी काहीच बोलेना. मग आई पाणी आणायला बाहेर गेली तेव्हा हळूच म्हणाली, "बाई, जीपमध्ये गाणं लावतात."

मला आधी समजेचना. गाणं लावतात म्हणून कुणी कॉलेज सोडतं का? मग सगळं बाहेर आलं. शहापूरला जाणाऱ्या जीपमध्ये ती चढली, की मागच्या सीटवरची तीन-चार मुलं मोबाईलवर एकच गाणं लावत. रोज तेच. गाण्यात पेरूची बाग आहे, बागेला कुंपण आहे आणि कुंपणावरून उडी मारणारा एक माणूस आहे. वाईट शब्द एकही नाही. पण गाणं लागलं की सगळ्या जीपमध्ये खसखस पिकायची आणि नजरा हिच्याकडे वळायच्या. एक दिवस ती धीर करून म्हणाली, "बंद करा ते." त्यावर उत्तर आलं, "गाणंच तर आहे, ताई! पेरूचं आहे. तुला काय दुसरं वाटलं?"

सगळे हसले. जीपवालाही हसला. दुसऱ्या दिवसापासून हिचं पोट दुखायला लागलं.

"तुला काय दुसरं वाटलं?" हे वाक्य त्या रात्री माझ्या डोक्यातून जाईना. मुलीला अर्थ कळला नाही, तर ती बावळट आणि तिच्यावर हसायला सगळे मोकळे. अर्थ कळला असं तिनं दाखवलं, तर ‘हिला बरं सगळं कळतं!’ म्हणजे चारित्र्यावर बोट. आपल्याकडे चांगल्या घरच्या मुलीला असलं काही कळत नसतं, असा आपणच ठरवलेला नियम आहे. गाणं लावणारा मात्र दोन्हीकडून सुटतो, कारण शब्द साधे आहेत. मैत्रिणींनो, शिवी दिली तर उलट उत्तर देता येतं, तक्रार करता येते. दोन अर्थाच्या बोलण्यात तीच सोय काढून घेतलेली असते.

दोन अर्थ म्हटलं की मराठी माणसाच्या तोंडी पहिलं नाव येतं ते दादा कोंडक्यांचं. मुंबईत लालबाग-परळच्या गिरणगावात वाढलेला हा माणूस. सेवा दलाच्या कलापथकातून पुढे आला, वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्यानं घराघरांत पोचला आणि १९७१ साली ‘सोंगाड्या’ काढून त्यानं मराठी सिनेमाचं गणितच बदलून टाकलं. लागोपाठ नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. पोस्टरवर ढगळ अर्धी चड्डी, तिची लोंबणारी नाडी, चेहऱ्यावर भाबडं हसू आणि वर ठळक अक्षरांत चित्रपटाचं नाव. ती नावं आजही लोक हसत सांगतात.

मी बी. ए. मराठीची. तेव्हा श्लेष अलंकार पाठ केला होता. तो घासून-पुसून दादांच्या नावांना लावून पाहिला, तर गंमत लक्षात येते. ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ (१९८६) हे नाव घ्या. ‘दिया’ म्हणजे दिवा आणि ‘दिया’ म्हणजे दिलं. दिवा धरला तर नाव एखाद्या भजनाला शोभेल. दिलं म्हटलं की काय दिलं, हा प्रश्न पडतो आणि त्याचं उत्तर नावात नाही, ते प्रेक्षकानं आपल्या मनात द्यायचं. ‘आली अंगावर’मध्ये वाक्याचा कर्ताच गायब. कोण आली? म्हैस आली, सासू आली की आणखी कोणी? ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ (१९७८) मध्ये ‘तिथं’ म्हणजे कुठं ते सांगितलेलं नाही. ‘येऊ का घरात’ हे तर शेजारणीनं दारातून विचारावं असं वाक्य. यातल्या कुठल्याच नावात आक्षेपार्ह शब्द नाही. कधी कर्ता गाळला आहे, कधी जागा गाळली आहे, कधी दोन अर्थांचा एक शब्द नेमक्या ठिकाणी ठेवला आहे. शाळेतल्या ‘गाळलेल्या जागा भरा’सारखाच प्रकार. जागा भरतो प्रेक्षक, म्हणून दोषी तोच. सेन्सॉर बोर्डाशी दादांचे खटके उडत आणि ‘शब्द साधा आहे, वाकडा अर्थ तुमच्या मनात आहे’ असा त्यांचा पवित्रा असे, असं सांगतात. म्हणजे जीपमधल्या पोरानं उच्चारलेलं वाक्य काही त्याचं स्वतःचं नव्हे. ते जुनंच आहे.

पुढे पुढे तर असं झालं, की ‘राम राम गंगाराम’ (१९७७) किंवा ‘पांडू हवालदार’ (१९७५) अशा अगदी सोवळ्या नावांवरही लोक आधीच हसायला तयार असत. पोस्टरवर दादांचं नाव दिसलं की पुरे. नावात अर्थ असो वा नसो, प्रेक्षक तो शोधून काढायचा.

माझी एक आठवण आहे. मी दुसरी-तिसरीत असेन. गणपतीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्यानं आणायचे आणि मारुतीच्या देवळासमोर रात्रभर तीन सिनेमे दाखवायचे. त्यात एक तरी दादांचा असायचाच. पुरुष पुढे, बायका मागे, आम्ही पोरं गोणपाटावर. पुढची रांग अचानक हसून लोळायची. आम्ही पोरंही हसायचो, कशाला ते माहीत नसताना. मी मागे वळून पाहिलं, तर आईनं पदर तोंडाशी धरला होता. ती हसत होती की लाजत होती, मला आजही सांगता येणार नाही. कदाचित दोन्ही. पण एक नक्की, हसायला आलं तरी हसताना दिसायचं नाही, ही अट फक्त मागच्या रांगेला होती.

दादांवर नुसती टीका करणं सोपं आहे, पण ते अर्धंच खरं होईल. शहरातल्या सुशिक्षित मंडळींनी त्यांना ‘चावट’ म्हणून नाकं मुरडली. तीच मंडळी संस्कृत काव्यातला शृंगार आणि पंडित कवींचे श्लेष मान डोलावून ऐकत होती. गिरणी कामगारानं आणि शेतकऱ्यानं केला तर आचरटपणा आणि पंडितानं केला तर अलंकार, हा न्याय काही खरा नव्हे. शिवाय दादांच्या पडद्यावर उषा चव्हाण यांच्यासारखी नायिका ठसक्यात उभी राहायची, दादांना उलट टोला हाणायची. नायक भोळा आणि बाई हुशार, असंही पुष्कळदा व्हायचं. तेव्हा दोन अर्थाचं बोलणं आलं की ते वाईटच, असा सरसकट निकाल मला देता येत नाही.

आणि देणार तरी कसा? दोन अर्थांचा खेळ आपण बायका पूर्वापार खेळत आलो आहोत. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडं रचली. वरवर विंचू चावलेला माणूस नाचतोय, आतून काम-क्रोधाची इंगळी डसली आहे. वरवर एक बाई नवरा नको म्हणतेय, आतून प्रपंचाची आसक्ती नको म्हणतेय. लोक आधी हसले आणि हसता हसता आतल्या अर्थापर्यंत पोचले. तिथे चावटपणाच्या पोटात शहाणपण होतं. मराठीतली आद्य कवयित्री महदंबा, तिची रचनाच मुळी ‘धवळे’, म्हणजे लग्नातली गाणी. आपल्या ठाणे जिल्ह्यात आगरी-कोळी लग्नांत धवलारीण आणि वारल्यांत धवलेरी बाई आजही लग्न लावते, गाणी म्हणते. हळदीला विहिणीवर रचलेली गाणी, मंगळागौरीचे खेळ, नाव घेताना मारलेली कोपरखळी, जात्यावरच्या ओव्या. यात चावटपणा कमी असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी रात्री बाराच्या पुढे एकदा बायकांच्या घोळक्यात बसून पाहावं. मुरबाडकडच्या एका आजींकडून मी अशी गाणी ऐकली आहेत, की दादांनीही कान पकडले असते. आजी शांतपणे तांदूळ निवडत म्हणत होत्या आणि आम्ही पोट धरून हसत होतो.

मग आजींच्या गाण्यात आणि जीपमधल्या गाण्यात फरक काय? मी पुष्कळ विचार केला. मला तीन गोष्टी दिसल्या.

पहिली, कोण कुणावर हसतंय. आजींच्या गाण्यात बायका सासूवर, विहिणीवर, दारुड्या नवऱ्यावर आणि स्वतःवर हसतात. ज्यांच्यापुढे दिवसभर मान खाली घालायची, त्यांच्यावर रात्री हसून घेतात. जीपमध्ये चार दांडगे एका एकटीवर हसतात. दुसरी गोष्ट, जिच्यावर हसतात ती त्या खेळात सामील आहे का. हळदीला विहिणीला माहीत असतं की आज आपली पाळी आहे आणि पुढच्या लग्नात आपण वचपा काढणार आहोत. कॉलेजला निघालेल्या मुलीनं या खेळाला हो म्हटलेलं नसतं. आणि तिसरी गोष्ट, तिला उत्तर देता येतं का.

ही तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपला तमाशा आठवून पाहा. गण झाला की गवळण. कृष्ण आणि पेंद्या गवळणींची वाट अडवतात, वाकडंतिकडं बोलतात. पण त्यांना मावशी भेटते! मावशी असं काही ऐकवते, की पेंद्याची बोलती बंद. सवाल-जवाबात तर बाईनं उत्तर दिलंच पाहिजे, नाहीतर फड हरला. म्हणजे आपल्या परंपरेनं बाईला उद्देशून दोन अर्थाचं बोलणं चालवून घेतलं, पण तिच्या हाती जबाबही दिला. तमाशातल्या बायकांचं आयुष्य सुखाचं होतं असं मी म्हणत नाही. त्यांच्या जातीचा, गरिबीचा, शरीराचा बाजार मांडला गेला, हे विसरून चालणार नाही. पण निदान फडावर तिला तोंड होतं.

कॅसेट आली आणि तो जबाब गेला. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटींचा पूर आला. एसटी स्टँडबाहेर, जत्रेत, पानाच्या टपरीवर कॅसेटींच्या माळा लागल्या. म्हसाच्या यात्रेत घोंगड्यांच्या दुकानांशेजारी कॅसेटवाल्याचा भोंगा कोकलत असायचा. सिनेमाला निदान सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. नुसत्या गाण्यांच्या कॅसेटला असलं काही लागत नव्हतं. कव्हरवर डोळा मिचकावणारी बाई, हातात फळ नाहीतर कणीस, आणि वर नाव असं की दुकानदाराला मागताना गिऱ्हाईकच गालात हसावं. त्या बाईचा गाण्याशी संबंध असायचाच असं नाही. कव्हरचं काम एकच, नावातली गाळलेली जागा चित्रानं सुचवायची. कॅसेटनंतर सीडी आली, मग मोबाईलच्या दुकानात पन्नास रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळू लागलं. आता यूट्यूब आणि रील. कव्हरची जागा थंबनेलनं घेतली आहे. कुठलंही लोकगीत काढा, वर चित्र मात्र गाण्यात नसलेल्या बाईचं आणि शेवटी तीन टिंबं. त्या तीन टिंबांत सगळा धंदा आहे.

ध्वनिमुद्रित गाण्याला सवाल आहे, जवाब नाही. डीजेच्या भिंतीला कुठली मावशी उत्तर देणार? दादांच्या काळी सिनेमा बघायला निदान तिकीट काढून जावं लागायचं. ज्याला नको तो घरी बसायचा. आता गाणं आपल्या मागे येतं. जीपमध्ये, एसटीत, हळदीत, मिरवणुकीत, नळाच्या रांगेत.

आणि चित्राचं म्हणाल, तर ते आता अंगावरही आलं आहे. गेल्या वर्षी आठवडी बाजारात आमच्या गटातल्या एकीनं लेकीसाठी दीडशे रुपयांत टी-शर्ट घेतला. गुलाबी रंग, चेरीची जोडी, खाली इंग्रजी अक्षरं. मुलगी सातवीतली. मी वाचलं आणि माझे कान गरम झाले. आईला इंग्रजी येत नाही, मुलीला वाचता येतं पण अर्थ लागत नाही. विकणाऱ्यालाही बहुधा कळत नसावं. ज्याला कळतं तो शहाणा माणूस रस्त्यावरून जाताना वाचतो आणि हसतो. तो टी-शर्ट आम्ही उलटा करून शिवला, पुढे पट्टी लावली. आता ती तो खुशाल घालते. पण बाजारात तशा टी-शर्टांचा ढीगच होता.

हा प्रश्न आपल्या दोन तालुक्यांपुरता नाही. मार्च २०२५ मध्ये बिहार पोलीस मुख्यालयानं जिल्ह्याजिल्ह्यांना पत्र पाठवलं. बस, रिक्षा, ट्रक आणि कार्यक्रमांत दोन अर्थांची अश्लील भोजपुरी गाणी वाजवणाऱ्यांवर गुन्हे दाखल करा, असा आदेश दिला. बायकामुलींना घराबाहेर पडणं नकोसं होतं, हेच कारण त्यामागे होतं. त्याच महिन्यात तेलंगणाच्या राज्य महिला आयोगानं सिनेमातल्या अश्लील नाचांबद्दल निर्माते-दिग्दर्शकांना समज दिली. म्हणजे पाटणा असो, हैदराबाद असो नाहीतर डोळखांब, दुखणं एकच.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. सेन्सॉर बोर्डासाठी केंद्र सरकारनं १९९१ साली जी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, त्यांत हीन वृत्ती चाळवणारे दोन अर्थांचे शब्द चालणार नाहीत, असं चक्क लिहिलेलं आहे. तरीही १९९३ मध्ये ‘खलनायक’मधलं ‘चोली के पीछे’ गाजलं. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, गाणं मात्र राहिलं. १९९४ च्या ‘खुद्दार’मध्ये आरडाओरड झाल्यावर ‘सेक्सी’ शब्द काढून तिथे ‘बेबी’ घातला. शब्द बदलला, नाच तोच, ठेका तोच. उलट बाईच्या जागी बाळ आलं, याचं कुणाला काही वाटलं नाही! शब्दाला कात्री लावता येते, अर्थाला नाही, हे त्यातून कळावं.

रस्त्यावरच्या प्रकारांसाठी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम २९६ नुसार सार्वजनिक जागी इतरांना त्रास होईल असं अश्लील गाणं म्हणणं हा गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम ७९ बाईच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूनं उच्चारलेल्या शब्दांसाठी, आवाजांसाठी, हावभावांसाठी आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड. मुलगी अठराच्या आतली असेल, तर २०१२ चा पोक्सो कायदाही आहे, त्यात लैंगिक हेतूनं काढलेले शब्द आणि आवाज येतात. पण ‘हेतू’ हा शब्द पाहिलात ना? दोन अर्थांची सगळी करामत हेतू लपवण्यातच असते. त्यामुळे एकदा गाणं लावलं एवढ्यावर प्रकरण टिकणं कठीण. रोज तीच मुलगी चढल्यावर तेच गाणं लागतं, ती उतरल्यावर बंद होतं, हे दोघा-चौघांनी सांगितलं तर हेतू दिसू लागतो. म्हणून मुलींना मी सांगते, तारीख-वार वहीत लिहून ठेवा. एकटीनं सोसू नका, एकीला तरी सांगा. अंगाशी येईल असं वाटलं तर ११२ लावा, अठराच्या आतली असाल तर १०९८ आहे.

तरी एका गोष्टीची मला धास्ती वाटते. अश्लीलतेविरुद्ध मोहीम निघाली, की तिचा पहिला दांडका बाईवरच पडतो. २००५ साली आपल्या राज्यात डान्स बार बंद झाले. नाचणाऱ्या बायकांची रोजीरोटी गेली आणि पैसे उधळणारे सुखरूप घरी गेले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी रद्द ठरवली, तोवर त्या बायकांची आठ वर्षं गेली होती. अलीकडे गावोगावच्या लावणीच्या कार्यक्रमांवरून असाच गदारोळ झाला. नाचणारी अश्लील, पण तिच्या समोर मोबाईल उंच धरून उभे राहिलेले हजारो पुरुष कोण? एका लोकप्रिय नर्तकीचा कपडे बदलतानाचा चोरून काढलेला व्हिडिओ २०२३ मध्ये पसरवला गेला. तो पाहणाऱ्यांना कुणी अश्लील म्हटलं नाही. म्हणून बंदी घाला, पोलीस आणा, एवढ्यावर माझं समाधान होत नाही. उद्या हाच दांडका घेऊन कुणी आमच्या आजींचं हळदीचं गाणंही बंद करेल.

मग करायचं काय? आमच्या गटानं काय केलं ते सांगते. फार मोठं काही नाही.

एका सोमवारी सकाळी आम्ही पाच जणी त्या मुलीबरोबर जीपमध्ये बसलो. त्यात सत्तरीच्या एक आजी होत्या. मुलं मागच्या सीटवर होतीच. आम्हाला पाहून जरा चुळबुळली, पण थोड्या वेळानं गाणं लागलं. आम्ही गप्प. गाणं संपल्यावर आजी मागे वळल्या आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "बाला, गाणं ब्येस हाय. पण मला म्हातारीला नाय समजलं. तो कुंपणावरून उडी मारून करतो काय, सांग ना."

मुलं गप्प. आजींनी पुन्हा विचारलं, "पेरू तोडतो का? मंग एवढं हसताव कशाला?" एकानं मोबाईल खिशात घातला. आजी सोडेनात. "तुज्या आयेला इचारू का? मी वलखते तिला." आता जीपमधली माणसं हसत होती, पण हसू दुसऱ्या बाजूला गेलं होतं. जीपवाल्याशी आम्ही शहापूरला उतरल्यावर वेगळं बोललो. त्याच्या स्वतःच्या दोन मुली आहेत. खाली मान घालून म्हणाला, "ताई, माझ्या गाडीत नाही वाजणार पुन्हा."

त्या दिवशी मला कळलं, दोन अर्थाच्या बोलण्याचा जीव झाकल्या अर्थात असतो. ‘अर्थ सांगा’ म्हटलं की बोलणाराच अडकतो. ‘तुला काय दुसरं वाटलं?’ या प्रश्नाला उलटा प्रश्न हाच जबाब, ‘तुला काय वाटलं ते तू सांग.’ पण हा जबाब एकट्या सोळा वर्षांच्या मुलीनं द्यावा, अशी अपेक्षा करणं चूक आहे. गवळणीच्या पाठीशी मावशी लागते. ती मावशी आपण व्हायचं.

आणि त्यासाठी आधी घरात बोलायला हवं. मुलींना शरीराबद्दल, शब्दांबद्दल नीट सांगितलेलं असेल, तर ‘तुला कळतं’ हा टोमणा त्यांना टोचणार नाही. कळणं हा गुन्हा नाही, हे आईनं मुलीला सांगायला हवं. मुलग्यांना तर त्याहून अधिक सांगायला हवं. जीपमधली ती मुलं कुणी गुंड नव्हती. त्यातला एक आमच्याच गटातल्या बाईचा भाचा निघाला. घरी तो आत्याच्या पाया पडतो, गाडीत बसला की गाणं लावतो. त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं, की तुझ्या दोन मिनिटांच्या हसण्यापायी एका पोरीचं वर्ष वाया जाऊ शकतं.

आता माझी कबुली. या वैशाखात भाच्याच्या हळदीला मी होते. डीजे लागला. चार गाणी झाल्यावर एक तसलंच लागलं. ठेका असा, की पाय थांबेनात. मीही नाचले. नाचता नाचता नजर कोपऱ्यात गेली. दोन-तीन मुली भिंतीला टेकून, ओढणी घट्ट धरून उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोर पोरं हातवारे करत होती. मला एकदम देवळासमोरची ती मागची रांग आठवली. मी जाऊन डीजेवाल्याला गाणं बदलायला सांगितलं. "ताई, लोकांची फर्माईश आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, "मीपण लोकच आहे." त्यानं बदललं. नंतर आम्ही बायकांनी डीजे थोडा वेळ बंद करून आपली गाणी म्हटली. विहिणीवर म्हटली, नवरदेवावर म्हटली, भरपूर चावट म्हटली. भिंतीला टेकलेल्या त्या मुली पुढे येऊन बसल्या आणि मोकळेपणी हसल्या.

ती अकरावीची मुलगी पुन्हा कॉलेजला जाते. पण हल्ली ती सकाळच्या पहिल्या एसटीनं जाते, जीपनं नाही. एसटीसाठी तिला अर्धा तास लवकर निघून अंधारात रस्त्यापर्यंत चालत यावं लागतं. "आता तर वाजत नाही ना गाणं?" मी विचारलं. म्हणाली, "नाही बाई. पण ती मुलं गुणगुणतात."

गुणगुणण्यावर कुठलं कलम लावायचं, ते मला अजून सापडलेलं नाही. पुढच्या सोमवारी आजी आणि मी तिच्याबरोबर पुन्हा जीपनं जाणार आहोत.